शून्य कुठे धरायचं?

ऑपरेशन कोणी केलं हे आपल्याकडे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. "अमक्या डॉक्टरांनी केलं हो, हाताला यश आहे त्यांच्या!" भूल कोणी दिली हे विचारा. शांतता. बिलात कुठेतरी एक ओळ असते आणि त्या ओळीवरही एखादे काका हुज्जत घालतात, "एक इंजेक्शन टोचायचे एवढे पैसे?" आमच्या धंद्यात सिस्टीम अ‍ॅडमिनची हीच गत. सगळं सुरळीत असलं की हा प्राणी दिवसभर करतो काय हा प्रश्न, आणि रात्री दोनला सर्व्हर पडला की पहिला फोन त्यालाच.

तर आज भुलीबद्दल. त्यातही एका अवघड प्रकाराबद्दल. ज्याचं हृदय आधीच आजारी आहे अशा माणसाचं मेंदूचं ऑपरेशन तातडीने, म्हणजे तासाभरात करायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञ नेमकं करतात काय? मी डॉक्टर नाही. (इथलं वाचून कोणी आपल्या गोळ्या कमीजास्त करू नयेत, प्लीज.) पण २०२३ च्या जुलैपासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि आता थोडाफार कळलाय असं वाटतं म्हणून लिहितोय.

मामांबद्दल आधी सांगायला हवं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, तेव्हा वय ६१, वजन ५८ किलो. लहानपणी त्यांना सांधेताप झाला होता आणि त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. आपल्याकडे हे खूप दिसतं. घशाचा एक साधा संसर्ग, त्यावर पुरते उपचार न होणं, मग सांधे सुजणं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी जिना चढताना धाप लागणं. १९९७ साली ती झडप काढून कृत्रिम बसवली. भारतीय बनावटीची. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने तयार केलेली ही झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली. रचना म्हणाल तर एक कडं आणि त्यात कलंडणारी एक चकती, बस्स. रात्री घर शांत झालं की मामांच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. सुट्टीत आम्ही भाचरं त्यांच्या छातीला कान लावायला नंबर लावायचो.

अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर चिकटते. नाहीतर त्या चकतीवर गुठळी धरते, आणि तिथून सुटली तर थेट मेंदूकडे. 'रक्त पातळ' हा आपला बोलायचा शब्द. रक्त दुधासारखं पातळ वगैरे होत नाही, ते गोठायला वेळ जास्त लागतो इतकंच. किती जास्त, ते आयएनआर नावाच्या आकड्यावरून कळतं. तुमचा-माझा साधारण १. मायट्रलची कृत्रिम झडप असेल तर तो २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. मेथी-पालक एकदम वाढवली तर हा आकडा उतरतो, एखादी अँटिबायोटिक घेतली तर चढतो. मामींनी १९९७ पासून याची वही ठेवली आहे. तारीख, आकडा, गोळी किती मिलिग्रॅम. आमच्या ऑफिसातली कित्येक डॉक्युमेंटं त्या वहीपुढे पाणी भरतील.

या गोळीचा, म्हणजे वॉर्फरिनचा, इतिहास फार भारी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात सडका गवती चारा खाल्लेली गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी बर्फातून गाडी हाकत विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला, सोबत न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी. त्या बरणीतून सुरू झालेल्या कामातून आधी चाऱ्यातला विषारी पदार्थ सापडला आणि मग त्यावर बेतलेलं वॉर्फरिन १९४८ मध्ये बाजारात आलं... उंदीर मारायचं औषध म्हणून! माणसांसाठी ते १९५४ पासून. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही दिलं गेलं. असो.

त्या दिवशी मामा न्हाणीघरात घसरले. डोकं आपटलं. उठून "काही झालं नाही मला" म्हणाले, चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि डोकं जड वाटतंय म्हणून पडले. तासाभराने मामी उठवायला गेल्या तर उठेनात. हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला. उजव्या बाजूला कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचलेलं, मेंदू दाबला जाऊन मधली रेघ डावीकडे सरकलेली. आयएनआर ३.४. म्हणजे जे औषध झडप चालू ठेवत होतं, तेच डोक्यातला रक्तस्राव थांबू देत नव्हतं. न्यूरोसर्जन म्हणाले, लगेच उघडायला हवं.

मॉनिटरवर बीपी १९० वर १०५ आणि नाडी ५२. मामी माझा दंड धरून म्हणाल्या, "अरे, यांचं एवढं कधीच नसतं. त्यांना सांग ना, बीपीची गोळी द्या म्हणावं." मी मावसबहिणीला फोन लावला. ताई मुंबईत भूलतज्ज्ञ आहे, आणि मामा तिचेही सख्खे मामा. ती पलीकडून म्हणाली, "त्यांच्या मागे लागू नका. ते बीपी मेंदूने मागून घेतलंय."

याचा अर्थ मला दिवाळीत कळला. केस पेपरच्या झेरॉक्समध्ये भुलीचा तक्ता होता, आणि ताईने तो समोर ठेवून मला ओळ न् ओळ समजावला. भुलीचा तक्ता हा प्रत्येक इंजिनिअरने एकदा तरी बघावा असा कागद आहे. पाच-पाच मिनिटांच्या उभ्या रेघा, त्यावर बीपीचे बाण, नाडीचे ठिपके, खाली कोणतं औषध कधी आणि किती. सरळसरळ लॉग! ही पद्धत पडली त्यामागे हार्वर्डमधले दोन विद्यार्थी होते, हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन. १८९३ मध्ये कुशिंगला एका रुग्णाला इथर द्यायला बसवलं, आणि ऑपरेशन सुरू होतानाच तो रुग्ण दगावला. त्या काळी विद्यार्थ्याला विशेष काही न शिकवता भूल द्यायला बसवत. पुढे या दोघांनी पैज लावली, जास्त चांगली भूल कोण देतो ते बघू, हरेल त्याने जेवण द्यायचं. त्यासाठी ते ऑपरेशनभर नाडी आणि श्वास कागदावर मांडू लागले. बीपी मोजायचा पट्टा कुशिंगने १९०१ साली इटलीतल्या पाव्हिया शहरातून अमेरिकेत नेला आणि तक्त्यात बीपीची रेघही आली. हाच कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जनक मानला गेला, आणि मामांच्या मॉनिटरवर जे दिसत होतं (चढलेलं बीपी, मंदावलेली नाडी) त्यालाही त्याचंच नाव आहे.

होतं असं, की कवटी ही बंद पेटी. आत मेंदू, रक्त आणि पाण्यासारखा एक द्रव, तिघांची मिळून जागा ठरलेली. चौथा भाडेकरू घुसला, म्हणजे साचलेलं रक्त, तर आधी तो द्रव आणि शिरांतलं रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती सोय संपली की आतला दाब झपाट्याने वाढतो. आता मेंदूला रक्त पोचायचं तर त्या दाबाविरुद्ध आत शिरावं लागणार. गणित वजाबाकीचं आहे: सरासरी बीपी वजा कवटीतला दाब. उत्तर ६० ते ७० च्या आसपास ठेवायचं असतं. कवटीतला दाब एरवी १५ च्या आत असतो. तो ४० झाला तर? सरासरी बीपी शंभरच्या वर न्यावंच लागेल, आणि मेंदू ते नेतो. सगळ्या शरीराच्या रक्तवाहिन्या आवळून नेतो. अशा वेळी कोणी गोळी देऊन बीपी १२० वर ८० केलं, तर मॉनिटर छान दिसेल आणि मेंदू उपाशी मरेल.

मग बीपी चढतं ठेवा, झालं! कसलं काय. इथे मामांचं हृदय येतं.

पंचवीस-तीस वर्षं झडपेचा आजार काढलेलं हृदय. वरचा कप्पा फुगलेला, ठोके अनियमित, आणि पलंगापाशीच पाच मिनिटांत केलेल्या इकोमध्ये रक्त ढकलायची ताकद ४० टक्के. (निरोगी माणसाची ५५ च्या वर असते. शंभर कोणाचीच नसते, त्यामुळे ४० म्हणजे नापास नव्हे, पण जेमतेम पास.) अशा हृदयाला चढलेल्या बीपीविरुद्ध रक्त ढकलणं झेपत नाही. वेगही नको असतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. नाडी वाढली की कात्री लागते ती विश्रांतीलाच. शिवाय जास्तीचं पाणी चालत नाही, लगेच फुफ्फुसात उतरतं. आणि बीपी पडलेलंही चालत नाही. म्हणजे मेंदू म्हणतो चढतं ठेवा, हृदय म्हणतं बेताचं ठेवा, आणि दोघांमध्ये पंप एकच.

भूलतज्ज्ञ बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मामींना विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात. झडप कोणती, कधी बसवली? पातळ करायची शेवटची गोळी किती वाजता? जिना किती चढतात न थांबता? रात्री झोपताना उशा किती घेतात? आणि शेवटचं खाणं कधी? उशांचा प्रश्न मला विचित्र वाटला होता. ताई म्हणाली, ज्याच्या फुफ्फुसात पाणी साठायला लागलंय त्याला सपाट झोपवत नाही, तो एकेक उशी वाढवत जातो. सगळ्या तपासण्या करायला वेळ नसतो तेव्हा उशी हीच तपासणी. मामींनी वही पुढे केली. शेवटची गोळी आदल्या संध्याकाळी ६ वाजता, उशी एक, जिना दोन मजले. बाईंनी वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो काढून घेतला.

पहिलं काम रक्त पुन्हा गोठतं करायचं. जुना उपाय म्हणजे रक्तपेढीतून प्लाझ्मा. पण तो किलोला १० ते १५ मिलिलिटर लागतो. मामांच्या वजनाला पंधराने गुणा: ८७० मिलिलिटर. ते वितळवायलाच वेळ जाणार, आणि एवढं पाणी त्या हृदयात गेलं तर मेंदू उघडेपर्यंत फुफ्फुसं भरणार. दुसरा उपाय पीसीसी, म्हणजे तेच गोठवणारे घटक, पण भुकटीच्या रूपात एकवटलेले. मामांना लागले १५०० युनिट, तीन कुप्या, पाण्यात कालवून जेमतेम ६० मिलिलिटर. ८७० विरुद्ध ६०! त्यातल्या दोन कुप्या हॉस्पिटलात होत्या, तिसरी मामेभाऊ पावसात बाईकवरून दुसरीकडून घेऊन आला. (किमतीबद्दल बोलत नाही.) सोबत शिरेतून १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के, कारण पीसीसीचा असर काही तासांत ओसरतो आणि व्हिटॅमिन केचा तेवढ्यात सुरू होतो. अर्ध्या तासात आयएनआर १.३. मात्र रक्त गोठतं केलं म्हणजे झडपही गोठू शकते. ती टांगती तलवार त्या क्षणापासून सुरू झाली.

इथे थोडं विषयांतर. माझ्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या वडिलांच्या हृदयात झडप नसेल, पण स्टेंट असेल. त्यांची गोष्ट निराळी. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेटना कायमचं निकामी करतात, नव्या प्लेटलेट तयार होईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस. त्यावर उतारा असा नाही. बाहेरून प्लेटलेट भरा म्हणाल, तर २०१६ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं घेणाऱ्या ज्या लोकांच्या मेंदूत आपोआप रक्तस्राव झाला होता, त्यांना प्लेटलेट दिल्यावर उलट जास्त वाईट झालं. पण त्या चाचणीत ऑपरेशन लागणारे रुग्ण घेतलेच नव्हते. त्यामुळे तातडीच्या ऑपरेशनात प्लेटलेट द्यायच्या की नाही हे अजूनही रुग्ण बघून ठरवतात. त्यात स्टेंट नवा असेल, पहिल्या काही महिन्यांतला, तर गोळ्या थांबवल्यावर तो बंद पडायची भीती. म्हणून स्टेंट कधी बसवला, कोणत्या रक्तवाहिनीत, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे मी बाबांच्या पाकिटातल्या कार्डावर लिहून ठेवलंय, आणि त्याचा फोटो आम्हा तिघा भावंडांच्या मोबाईलमध्ये आहे.

आणखी एक भानगड. मामांचा ईसीजी बिघडलेला होता आणि रक्तात ट्रोपोनिन थोडं वाढलेलं. हार्ट अटॅक आला म्हणून पडले, की पडले म्हणून हृदय बिघडलं? मेंदूत रक्तस्राव झाला की अंगात अ‍ॅड्रेनालिनचा असा लोंढा येतो की हृदय स्वतः ठीक असूनही ठोकर खातं, ईसीजी हुबेहूब अटॅकसारखा दिसतो. यातल्या एका प्रकाराला जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ताकोत्सुबो असं नाव दिलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, हृदय तसं फुगलेलं दिसतं म्हणून. खरं-खोटं करायचं तर अँजिओग्राफी हवी, आणि त्यात रक्त न गोठण्याचं औषध द्यावं लागतं. डोक्यात रक्त साचलेलं असताना? कार्डिऑलॉजिस्ट इको बघून एवढंच म्हणाले, झडप हलतेय, पुढे जा.

आता तक्ता. भूल चढवण्याची पहिली पाच मिनिटं. मामांनी चहा-बिस्किट खाल्लेलं, म्हणजे पोट भरलेलं. पोट भरलेल्या माणसाला झटपट झोपवून झटपट नळी घालायची असते, नाहीतर उलटी श्वासनळीत जाते. हृदयरोग्याला उलट अगदी हळूहळू, थेंबाथेंबाने झोपवायचं असतं, नाहीतर बीपी कोसळतं. आणि मेंदूवाल्याला नळी जाताना जरासुद्धा खोकला येता कामा नये. घशात धातूचं पातं गेलं की बीपी आणि नाडी उसळते, आणि कवटीतला दाब आणखी चढतो. तिन्ही नियम पुस्तकात आपापल्या धड्यात बरोबर आहेत. मामांना तिन्ही एकदम लागू.

"मग पुस्तक काय सांगतं?" मी ताईला विचारलं.

"पुस्तक सांगतं, काळजीपूर्वक द्या," ती म्हणाली.

बाईंनी काय केलं ते कागदावर आहे. झोपवण्याआधीच मनगटाच्या धमनीत सुई घालून प्रत्येक ठोक्याचं बीपी पडद्यावर घेतलं. आधी फेंटानिल, उसळी मारायला. नेहमीचं प्रोपोफॉल बाजूला ठेवून इटॉमिडेट, कारण ते हृदयाला फारसा धक्का देत नाही. मग स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम मोठ्या मात्रेत, म्हणजे मिनिटभरात नळी जाते. आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनची सिरिंज भरून, पंपाला जोडून तयार. नळी घातली त्या वेळचा बाण १६५ वर आहे. ताई त्यावर बोट ठेवून नुसतं "छान" म्हणाली. आमच्याकडे कोड रिव्ह्यूत इतकं मनापासून कोणी म्हणत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. व्हेंटिलेटरने श्वास जरा जोरात दिला की कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळतात, जागा होते. पण फार आवळल्या तर मेंदू रक्तालाच मुकतो, म्हणून ३५ च्या आसपास. मॅनिटॉल मेंदूतलं पाणी ओढून काढतं, पण आधी ते पाणी रक्तात येतं आणि हृदयावर पडतं, म्हणून मामांना कमी मात्रेत आणि हळू दिलं. नंतर लघवीतून भराभर पाणी जातं, तेव्हा उलटी पंचाईत. भुलीचा वायू अगदी कमी.

तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन शब्द होते: 'झीरो कान'. मला वाटलं काहीतरी कानाचं असेल. ताई हसली. धमनीतल्या बीपीची नळी एका छोट्या डबीला, ट्रान्सड्यूसरला जोडलेली असते. ती डबी ज्या उंचीवर लावाल तिथलं बीपी पडदा दाखवतो. नेहमी ती हृदयाच्या पातळीला लावतात. पण मेंदूच्या ऑपरेशनात डोकं ३० अंश वर उचललेलं असतं, शिरांतून रक्त उतरावं म्हणून. मामांचा कान हृदयापेक्षा साधारण १५ सेंटिमीटर वर होता. रक्ताला तेवढी चढण चढायला पाऱ्याचे सुमारे ११ मिलिमीटर खर्ची पडतात. हृदयापाशी सरासरी ८०, तर मेंदूपाशी ६९. त्यातून कवटीतला दाब वजा करायचा. तो २५ असेल तर उरले ४४. पडद्यावरचा ८० पाहून हिशोब केला असता तर ५५ वाटले असते, आणि त्या ११ च्या फरकात मेंदूचा एखादा भाग जाऊ शकतो.

मी थक्क झालो. टाईमझोन न लिहिलेला टाईमस्टॅम्प हा आमच्याकडचा सगळ्यात जुना वैताग. आकडा बरोबर, पण कुठून मोजलाय ते माहीत नाही. आणि इथे तर दोन गिऱ्हाईकं दोन वेगवेगळ्या उंचीवर. बाईंनी डबी कानाच्या पातळीला बांधली, आणि हृदयासाठी ११ मनात मिळवत राहिल्या. अडीच तास.

तक्त्यावर एके ठिकाणी बाण एकदम खाली येतो. १०.४० ला १५०, १०.४५ ला ८४. माझ्या पोटात गोळाच आला. ताई म्हणाली, "हा कवटी उघडल्यावरचा. सर्जननी मेंदूवरचं आवरण कापलं, साचलेलं रक्त बाहेर आलं, आतला दाब एका क्षणात शून्य." इतका वेळ मेंदू जिवाच्या आकांताने बीपी वर धरून बसलेला. दाब गेला, त्याची गरज संपली, त्याने हात सोडला. बीपी कोसळतं. निरोगी हृदय ते सावरून घेतं. ४० टक्क्यांचं हृदय आणि ८४ चं बीपी, त्याच्या स्वतःच्या स्नायूलाच रक्त कमी पडणार, मग ते आणखी कमी ढकलणार, हे चक्र सुरू झालं की तिथेच संपतं. म्हणून चांगला सर्जन आवरण कापण्याआधी डोक्याकडे बसलेल्या माणसाला सांगतो, उघडतोय. तक्त्यात १०.४१ ला नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू केल्याची नोंद आहे. म्हणजे पडण्याआधी. १०.५० चा बाण ११८ वर आहे. त्या नऊ मिनिटांत आम्ही बाहेर कँटीन बंद झालं म्हणून कुरकुरत होतो.

रात्री मामांना जागं केलं नाही, नळी तशीच ठेवून आयसीयूत नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले. डावा हात कच्चा होता. मामींनी छातीला कान लावला, टिकटिक चालू होती.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला: गोळी पुन्हा कधी सुरू करायची? न्यूरोसर्जन म्हणणार उशिरा, कार्डिऑलॉजिस्ट म्हणणार लवकर, दोघांचंही बरोबर. ताईने एक हिशोब सांगितला तेव्हा जरा धीर आला. १९९४ साली जुन्या अभ्यासांची एक मोठी गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. कृत्रिम झडपवाल्यांनी गोळी अजिबात घेतली नाही, तर मोठी गुठळी उडण्याचा धोका १०० जणांमागे वर्षाला साधारण ४, मायट्रलला सुमारे दुप्पट. म्हणजे ८. हे वर्षाचे. दोन आठवड्यांचे काढायचे तर २६ ने भागा: हजारात तीन. पीसीसी दिल्यावर तो याहून थोडा जास्त धरायचा, तरी डोकं पुन्हा भरण्याच्या धोक्यापेक्षा कमीच. २०१८ मध्ये जर्मनीतल्या झडपवाल्या रुग्णांचा एक अभ्यास आला होता. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पुन्हा पूर्ण मात्रा सुरू केलेल्यांत रक्तस्राव जास्त दिसला. फारच धोका असेल तर सहाव्या दिवसाच्या आधी नाही, असं त्यांनी म्हटलंय. मामांचं रक्त मेंदूच्या आत नव्हतं, बाहेर होतं, त्यामुळे तोही हिशोब तंतोतंत लागू नाही. शेवटी सगळे बसून बोलले आणि बारावा दिवस ठरला. आधी हेपॅरिनची संथ धार, सुरुवातीचा मोठा डोस न देता, कारण काही गडबड झाली तर धार बंद केल्यावर तासा-दोन तासांत असर उतरतो आणि उताराही आहे. गोळीला ही सोय नाही. (रोलबॅक शक्य आहे तेच आधी डिप्लॉय करा, दुसरं काय!) दोन दिवसांनी पुन्हा सीटी, तो स्वच्छ, मग गोळी. व्हिटॅमिन केमुळे आकडा हलायलाच तयार नव्हता, नऊ दिवस लागले.

आता मामांचं लक्ष्य २.५ ते ३ असं ठेवलंय, आधीपेक्षा जरा खाली. न्हाणीघरात दोन दांडे बसवलेत, डोकं आपटलं तर दुखो न दुखो थेट सीटी हा घरचा नियम आहे. डावा हात बराच सुधारलाय, पण पत्ते पिसता येत नाहीत, ते काम मामींकडे. परवाचा आकडा २.७.